परिचारिकेची परीक्षा

कल्याणहून कसाऱ्याच्या बाजूस जाणारी गाडी शहाड मागे टाकून आंबिवली स्थानकात येते, तेव्हा जवळच उल्हास नदीच्या अंगाला मोहने हे गाव लागते. एके काळचे हे खेडे. पुढे कारखाना आला, कामगारांची वस्ती वाढली, आणि आज हे गाव कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेच्या हद्दीत मोडते. अशा गावातल्या एखाद्या घरात कोणी अंथरुणास खिळले, म्हणजे पूर्वी त्याच्या उशाशी आई, बहीण, सून अथवा शेजारची एखादी जाणती बाई बसे. तो हात ओळखीचा असे. आज तोच रोगी कल्याणच्या किंवा मुंबईच्या रुग्णालयात नेला जातो. भेटीची वेळ संपते, घरची माणसे परततात, आणि रात्रभर रोग्याच्या उशाशी उरते ती एक सर्वस्वी अनोळखी परिचारिका. तिचे नाव घरच्यांस ठाऊक नसते, घराणे ठाऊक नसते, स्वभावही ठाऊक नसतो. तरीसुद्धा आपले माणूस तिच्या हवाली करून ती मंडळी घरी जाऊन झोपतात.

हा विश्वास कशाच्या बळावर ठेवला जातो? तिने परीक्षा दिली आहे, ती उत्तीर्ण झाली आहे आणि तिचे नाव कायद्याने ठेवलेल्या नोंदवहीत आहे, एवढ्याच बळावर. ओळखीच्या हाताची जागा पारखलेल्या हाताने घेतली, हा गेल्या दीडशे वर्षांतील एक मोठा सामाजिक पालट होय. तो मुकाट्याने झाला, म्हणून त्याचा इतिहास फारसा सांगितला जात नाही.

वस्तुतः शुश्रूषेला ज्ञान लागते, ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. 'शुश्रूषा' हा शब्दच पाहावा. 'श्रु' म्हणजे ऐकणे, ह्या धातूच्या इच्छार्थक रूपापासून तो सिद्ध झाला आहे. त्याचा मूळ अर्थ 'ऐकण्याची इच्छा'. सेवा हा अर्थ मागाहून आला. रोग्याचे ऐकून घेण्याची ज्याला इच्छा नाही, त्याच्या हातून शुश्रूषा कशी होणार, हे त्या शब्दातच सुचविलेले आहे. चरकसंहितेत चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत: वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. त्यांतील परिचारकाच्या अंगी चार गुण असावेत असे ग्रंथकार म्हणतो: उपचारांचे ज्ञान, दक्षता, रोग्याविषयी प्रेम आणि शुचिता. ह्या चौकडीत ज्ञानाचा उल्लेख पहिला आहे, हे लक्षात घेण्याजोगे आहे. पण ग्रंथात गुण सांगितला म्हणजे तो व्यवहारात तपासला जातो असे नाही. पुढील अनेक शतके घरातील शुश्रूषा हे बायकांचे काम आणि घराबाहेरील शुश्रूषा हे हलके काम, अशीच समजूत राहिली. हे काम कोणालाही येते असे मानले गेल्यामुळे ते कोणाला येते आणि कोणाला येत नाही, हे पाहण्याची गरजच कोणास वाटली नाही.

ह्या समजुतीची किंमत काय पडत असे, ह्याचे उदाहरण मोहन्यापासून दूर नाही. आनंदीबाई जोशी ह्यांचे बालपण कल्याणात गेले. वयाच्या चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला आणि योग्य वैद्यकीय मदत न मिळाल्यामुळे तो अवघ्या दहा दिवसांत दगावला. त्या दुःखातून डॉक्टर होण्याचा निश्चय झाला. १८८६ साली अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी त्यांनी मिळविली. परंतु क्षयाने पछाडलेल्या त्या तरुण स्त्रीचे २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात निधन झाले. त्यांच्या चरित्रातून एक गोष्ट स्पष्ट दिसते. बाळंतिणीच्या आणि नवजात अर्भकाच्या उशाशी माया करणाऱ्या माणसांची उणीव नव्हती. जाणणाऱ्या माणसांची होती.

मायेला ज्ञानाची जोड देण्याचा पद्धतशीर प्रयत्न प्रथम इंग्लंडात झाला. क्रिमियाच्या युद्धातील अनुभव पाठीशी असलेल्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल ह्यांच्या नावाने १८६० साली लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयात परिचारिकांची शाळा निघाली. तेथे उमेदवार मुलींच्या कामाची नोंद एका छापील तक्त्यावर ठेवीत. त्यात दोन भाग असत. एका भागात वक्तशीरपणा, शांतपणा, विश्वासूपणा, नीटनेटकेपणा हे स्वभावगुण. दुसऱ्यात प्रत्यक्ष कौशल्ये: जखम बांधणे, असहाय रोग्याला हलविणे व भरविणे, अंथरूण घालणे, हवा खेळती ठेवणे, पेज रांधणे, नाडी, त्वचा, भूक व झोप ह्यांचे निरीक्षण करणे. ह्या दुसऱ्या भागातच एक बारीकशी बाब होती: रोग्याच्या पाठीला व्रण पडू न देणे. तिचा उल्लेख पुढे पुन्हा येणार आहे.

मौजेची गोष्ट अशी की, ज्या बाईंनी ही पारख सुरू केली, त्यांचाच परीक्षा घेऊन सरकारी नोंदणी करण्याच्या पद्धतीला विरोध होता. १८८७ साली इंग्लंडात परिचारिकांची एक संघटना स्थापन झाली आणि नोंदणीची मागणी करू लागली, तेव्हा नाइटिंगेल विरुद्ध बाजूस उभ्या राहिल्या. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: कागदावरच्या उत्तरांवरून पाठांतर कळते, स्वभाव कळत नाही, आणि रुग्णशय्येपाशी स्वभावाचेच काम अधिक पडते. दुसऱ्या पक्षाचा युक्तिवादही तितकाच सबळ होता. स्वभाव चांगला असल्याची ग्वाही ओळखीची माणसे देतील. पण अनोळखी रोग्याने कोणाच्या शब्दावर विसंबावे? हा वाद तीस वर्षांहून अधिक काळ चालला. अखेर १९१९ साली ब्रिटिश पार्लमेंटने नोंदणीचा कायदा केला. नाइटिंगेल तत्पूर्वीच, १९१० साली, निवर्तल्या होत्या. कायदा झाला, पण त्यांची शंका मात्र निकालात निघाली नाही. परिचारिकेच्या प्रत्येक परीक्षेत ती आजतागायत उभी आहे.

मुंबई इलाख्यात ह्या शिक्षणाचा पाया घालणाऱ्यांत एडिथ पीची ह्या डॉक्टरीण बाईंचे नाव अग्रभागी आहे. परीक्षा न्याय्य नसेल तर काय होते, ह्याचा त्यांना स्वतःलाच अनुभव होता. एडिंबरो विद्यापीठात वैद्यक शिकू पाहणाऱ्या पहिल्या सात स्त्रियांपैकी त्या एक. १८७० साली रसायनशास्त्राच्या परीक्षेत त्यांनी शिष्यवृत्तीस पात्र ठरण्याइतके गुण मिळविले. परंतु केवळ स्त्री म्हणून ती शिष्यवृत्ती त्यांना नाकारण्यात आली आणि त्यांच्याहून कमी गुणांच्या विद्यार्थ्यास देण्यात आली. पुढे सोराबजी शापुरजी बंगाली प्रभृतींच्या खटपटीने स्त्रियांसाठी स्त्री-डॉक्टर मुंबईत आणण्याचे ठरले, तेव्हा १८८३ च्या अखेरीस त्या येथे आल्या. पेस्तनजी होरमसजी कामा ह्यांच्या देणगीतून उभारलेले कामा रुग्णालय १८८६ साली सुरू झाले, आणि त्याची धुरा पीचीबाईंकडे आली. चांगल्या परिचारिकांवाचून डॉक्टरचे कौशल्य लंगडे पडते, हे ओळखून त्यांनी तेथेच परिचारिकांचे शिक्षण सुरू केले. १८९१ साली शिक्षणासाठी आलेल्या बाई काशीबाई गणपत ह्यांचे नाव परिचर्येच्या इतिहासग्रंथांत पहिल्या भारतीय परिचारिका म्हणून नोंदलेले आहे.

तथापि रुग्णालयाच्या आतील परीक्षेपेक्षा बाहेरची परीक्षा अधिक कठीण होती. परपुरुषाच्या अंगाला हात लावणे, मलमूत्र काढणे, रात्रपाळी करणे, कोणत्याही जातीच्या रोग्याला भरविणे, ही कामे करणाऱ्या मुलीकडे पांढरपेशा समाज तुच्छतेने पाही. आणि तरीही आपद्‌काळी ह्याच कामाची सर्वांना गरज पडे. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत प्लेग उघडकीस आला आणि पाहता पाहता पुण्यात पोहोचला. सावित्रीबाई फुले व त्यांचे डॉक्टर पुत्र यशवंत ह्यांनी हडपसरच्या बाजूस माळावर रोग्यांची सोय केली. मुंढव्याहून एका आजारी मुलाला सावित्रीबाईंनी पाठीवरून तेथे आणले; त्या संसर्गाने त्यांना गाठले आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचा अंत झाला. चरकाने सांगितलेल्या चार गुणांपैकी प्रेम ह्या गुणाची ह्याहून मोठी साक्ष महाराष्ट्राच्या इतिहासात शोधावी लागेल. प्लेगच्या प्रसारात उंदरांवरील पिसवांचा हात असतो, हे त्या वेळी शास्त्रालाही सर्वमान्य झालेले नव्हते. शुश्रूषा करणाऱ्याने स्वतःस कसे जपावे, हेही शुश्रूषेच्या ज्ञानातच मोडते, हा धडा त्या पिढीला अशा जीवघेण्या मार्गाने मिळाला.

समाजाची दृष्टी पालटण्याचे काम रमाबाई रानडे ह्यांनी हाती घेतले. मुंबईच्या सेवासदनाशी १९०८ पासून त्यांचा संबंध होता. १९०९ साली गोपाळ कृष्ण देवधर ह्यांच्या सहकार्याने पुण्यास सेवासदन निघाले. परिचारिकेचे शिक्षण घेणाऱ्या स्त्रियांसाठी संस्थेने वसतिगृह चालविले, आणि न्यायमूर्तींच्या घरची बाई ज्या कामाला प्रतिष्ठा देते ते काम सर्वस्वी हलके कसे म्हणावे, असा पेच टीकाकारांना पडला. रमाबाईंच्या चरित्रात एक प्रसंग सांगितला जातो. सेवासदनाच्या बक्षीस समारंभात एक केशवपन केलेली विधवा आलवण नेसून बक्षीस घेण्यास व्यासपीठावर आली, तेव्हा प्रेक्षागारातील काही विद्यार्थ्यांनी हुर्यो केली. समारंभाच्या शेवटी रमाबाईंनी त्या तरुणांना विचारले की, ज्याच्या घरी विधवा बहीण, आत्या किंवा आई नाही असा तुमच्यांत कोण आहे? सभा निरुत्तर झाली. ह्या स्त्रिया पुस्तकी परीक्षेस बसण्यापूर्वीच समाजाने त्यांची केवढी परीक्षा घेतली होती, हे ह्यावरून ध्यानात येईल.

ह्याच सुमारास परीक्षेला एकसूत्रीपणा आणण्याच्या हालचाली सुरू झाल्या. तोपर्यंत प्रत्येक रुग्णालय आपापल्या परीने शिकवी आणि आपापले प्रमाणपत्र देई. एका ठिकाणी तीन वर्षे घासलेली परिचारिका आणि दुसरीकडे काही महिने वावरलेली बाई, दोघीही 'नर्स' म्हणवीत. १९०८ साली प्रशिक्षित परिचारिकांचा अखिल भारतीय संघ उदयास आला आणि १९०९ साली मुंबई इलाख्याची परिचर्या संघटना स्थापन झाली. मद्रास इलाख्याने १९२६ साली नोंदणी मंडळ स्थापिले; मुंबई इलाख्याने १९३५ साली परिचारिका, सुईणी आणि हेल्थ व्हिजिटर ह्यांच्या नोंदणीचा कायदा केला. शिकविणारा एक आणि पारखणारा दुसरा, ही व्यवस्था ह्या वाटेने रूढ झाली. देशभर सारखे मान ठरविण्यासाठी भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा १९४७ साली मंजूर झाला. त्याच्या आदल्याच वर्षी भोर समितीने दिलेला अहवाल डोळे उघडणारा होता: साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानात सुमारे ७,००० परिचारिका, म्हणजे ४३,००० लोकांमागे एक, ब्रिटनमध्ये ते प्रमाण ३०० लोकांमागे एक होते.

आता ह्या परीक्षेत विचारतात तरी काय? तिची मूळ तत्त्वे साधी आहेत, इतकी साधी की घरोघरच्या माणसांना ती समजावीत. पण त्या साधेपणातच फसगत आहे. उदाहरणार्थ, रोग्याचा श्वास मोजताना नाडीवरचा हात का काढू नये? कारण आपला श्वास मोजला जात आहे हे कळताच रोगी नकळत तो बदलतो. नाडी पाहण्याचे निमित्त चालू ठेवले म्हणजे श्वास आपल्या स्वाभाविक गतीने चालतो. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी का घालू नये? कारण त्याला गिळता येत नाही आणि ते पाणी फुफ्फुसात उतरते. घोटभर पाणी पाजण्याच्या मायेने किती जीव धोक्यात आले असतील, ह्याची गणती नाही. संवेदना हरपलेल्या रोग्याजवळ गरम पाण्याची पिशवी ठेवताना अधिक सावधगिरी का? कारण भाजले तरी तो सांगू शकत नाही. बाटलीवरची चिठ्ठी तीन वेळा का वाचावी? बाटली उचलताना, मात्रा ओतताना आणि बाटली जागेवर ठेवताना; कारण झोपेने जड झालेल्या डोळ्यांची एक चूक दुसऱ्या वाचनात आणि दुसरी तिसऱ्या वाचनात सापडते.

ह्या प्रश्नांची जात ओळखावी. 'काय करावे' हे पाठ करता येते. 'का करावे' हे समजावे लागते. म्हणून लेखी परीक्षेच्या जोडीला तोंडी परीक्षा आणि प्रात्यक्षिक ठेवण्यात आले. परीक्षक खाटेपाशी उभा राहतो आणि उमेदवार परिचारिका रोगी खाटेवर असतानाच चादर बदलते. हात धुतले काय, रोग्याला आधी सांगितले काय, त्याचे अंग उघडे पडू दिले काय, ह्यांकडे त्याची नजर असते. नाइटिंगेल ह्यांच्या शंकेला परीक्षापद्धतीने शोधलेले हे उत्तर होय. ते पूर्ण उत्तर नाही, पण पाठांतर आणि पारख ह्यांतील अंतर त्याने बरेच कमी केले.

ही पारख केवळ रुग्णालयापुरती राहिली नाही. मोहने येथील नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशन ही कंपनी १९४६ सालची. लाकडाच्या लगद्यापासून रेयॉनचा धागा काढण्याच्या धंद्यात कॉस्टिक सोडा, गंधकाम्ल आणि कार्बन डायसल्फाइड ही द्रव्ये लागतात. पहिली दोन कातडी व डोळे जाळणारी; तिसऱ्याची वाफ दीर्घकाळ नाकात गेली तर मज्जातंतू बिघडतात, हे एकोणिसाव्या शतकापासूनच वैद्यकास माहीत होते. १९४८ च्या कारखाने कायद्याने दीडशे कामगारांमागे प्रथमोपचाराची एक पेटी बंधनकारक केली. ती पेटी प्रथमोपचाराचे प्रमाणपत्र असलेल्या माणसाच्याच ताब्यात असावी अशी अट घातली. आणि पाचशेहून अधिक कामगार असतील तेथे परिचारकवर्गासह स्वतंत्र उपचारकक्ष असावा असे ठरविले. म्हणजे पेटी टांगून भागत नाही. ती उघडणाऱ्याचे ज्ञान तपासलेले असले पाहिजे, हे तत्त्व कायद्याने कारखान्याच्या दारात आणून ठेवले. डोळ्यात कॉस्टिक उडाले तर आम्ल घालून ते मारू पाहणारा सहकारी सद्भावनेनेच डोळा घालवील. वाहत्या पाण्याने तत्काळ आणि निदान पाव तास डोळा धूत राहणारा तो वाचवू शकेल. हजारो कामगारांना पोसणारा मोहन्याचा तो कारखाना २००९ साली बंद पडला. परंतु ज्ञान आणि सद्भावना ह्यांतील हा फरक कोणत्याही कारखान्याबरोबर बंद पडत नाही.

आता त्या तक्त्यावरील बारीक बाबीकडे वळू. रोगी एकाच अंगावर पडून राहिला, म्हणजे माकडहाड, टाचा, खुबे ह्या ठिकाणी हाड आणि अंथरूण ह्यांच्यामध्ये कातडी चेपली जाते, सूक्ष्म रक्तवाहिन्या मिटतात आणि तेथील मांस मरू लागते. हेच शय्याव्रण. त्यांवर मुख्य उपाय औषधाचा नव्हे. दर दोन तासांनी कूस बदलणे, अंग कोरडे व स्वच्छ ठेवणे, अंथरुणाला सुरकुती पडू न देणे आणि पोषण सांभाळणे, हाच होय. दिवसा हे कोणीही करील; रात्री तीन वाजता, कोणी पाहत नसताना, ते करणे ही खरी गोष्ट.

मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानभाग ह्यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी तेथेच अमानुष हल्ला झाला आणि मेंदूस झालेल्या इजेमुळे त्या कायमच्या अंथरुणास खिळल्या. १८ मे २०१५ रोजी त्यांचे निधन झाले. ह्या जवळजवळ बेचाळीस वर्षांत त्या रुग्णालयातील परिचारिकांच्या पिढ्या बदलल्या. नोकरीत आलेल्या मुली सेवानिवृत्त झाल्या. पण उशाशी कोणी नाही असे कधी झाले नाही. २०११ साली त्यांच्या दयामरणाच्या अर्जावर निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने तो अर्ज नाकारला आणि ह्या परिचारकवर्गाचा मोठा गौरव केला. इतक्या वर्षांत रोगिणीच्या अंगावर एकही शय्याव्रण पडला नाही, ह्याचे न्यायालयासही नवल वाटले.

हा निकाल परिचर्येच्या दृष्टीने एक प्रकारचे गुणपत्रकच होय. दर दोन तासांनी कूस बदलणे हे पाठ्यपुस्तकातील पहिल्या वर्षाचे वाक्य. बेचाळीस वर्षे ते अमलात आणणे ही ज्याचा कोणी परीक्षक नाही अशी परीक्षा. ज्ञान नसते तर प्रेमाने व्रण टळले नसते. आणि प्रेम नसते तर ज्ञान केव्हाच थकून गेले असते. नाइटिंगेल आणि त्यांचे प्रतिपक्षी ह्या दोघांचेही म्हणणे त्या एका खाटेपाशी खरे ठरले.

कायदे पुढेही होत राहिले. महाराष्ट्राने परिचारिकांसाठी १९६६ साली स्वतंत्र कायदा केला. संसदेने २०२३ साली परिचर्या व प्रसूतिविद्या ह्यांसाठी नव्या राष्ट्रीय आयोगाचा कायदा मंजूर केला. अभ्यासक्रम वाढले, पदव्या आल्या, पाऱ्याच्या नळीच्या जागी नवी यंत्रे आली. परंतु मोहन्याच्या घरातील एखादी आई रात्री आपले मूल परक्या हाती सोपवून परतते, तेव्हा तिला कायद्याचे साल ठाऊक नसते. ह्या हाताची कोणीतरी, केव्हातरी, कसून पारख केली असेल, एवढाच तिचा भरवसा असतो. काशीबाई गणपतांसारख्या परिचारिकांनी आणि उपहास सोसून बक्षीस घेण्यास उभ्या राहिलेल्या त्या विधवेसारख्या अनेक अनाम स्त्रियांनी हा भरवसा कष्टाने मिळविला आहे. तो राखण्याचे काम परीक्षा घेणाऱ्यांचे आहे, परीक्षा देणाऱ्यांचे आहे. आणि परिचारिकेच्या कामाला अजूनही मनातून हलके लेखणाऱ्या प्रत्येक सुशिक्षित घराचेही आहे.